'अंगात रक्त नाही' म्हणजे नेमके काय नाही?

दवाखाना खेड्यातला असो की शहरातला, एक वाक्य रोज कानावर पडतेच : ''डॉक्टरसाहेब, अंगात रक्तच नाही.'' कुणाला जिना चढताना धाप लागते, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाला घरची कामे उरकत नाहीत. निदान रुग्णाने स्वतःच केलेले असते आणि उपायही घरूनच ठरवून आणलेला असतो : ''एक सलाईन लावा, नाहीतर ताकदीचे इंजेक्शन तरी द्या.''

तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पण 'अंगात रक्त नाही' हे वाक्य 'घरात काही नाही' या वाक्यासारखे आहे. पीठ नाही, तेल नाही, की सरपण नाही, हे कळल्याशिवाय बाजारातून काय आणणार? रक्त हा एकच पदार्थ नाही. त्यात निरनिराळी कामे करणाऱ्या निरनिराळ्या पेशी आहेत. त्यांतली कोणती कमी झाली आणि का झाली, हे शोधल्याशिवाय केलेला उपचार म्हणजे अंधारात मारलेला दगड होय. म्हणून आज रक्ताची प्राथमिक ओळख करून घेऊ. ती झाली की प्रयोगशाळेतून येणारा 'सीबीसी'चा कागद वाचकांना इतका परका वाटणार नाही.

रक्तात काय काय असते?

प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीत ते सव्वाचार लिटरच्या आसपास भरते. हे रक्त गोठू न देता परीक्षानळीत घेऊन यंत्रात जोराने फिरवले, तर त्याचे तीन थर होतात. तळाशी गडद तांबडा थर बसतो. तो एकूण रक्ताच्या सुमारे ४५ टक्के असतो आणि त्यात तांबड्या पेशी असतात. त्यावर साईसारखा अगदी पातळ पांढुरका थर दिसतो. त्यात पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका, म्हणजे आपण ज्यांना प्लेटलेट म्हणतो त्या, असतात. सर्वांत वर पिवळसर पाण्यासारखा भाग राहतो. तो रक्तद्रव.

रक्तद्रवात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने, क्षार, साखर, संप्रेरके आणि शरीरातील टाकाऊ द्रव्ये असतात. रक्त गोठवणारी प्रथिने याच भागात असतात. अल्ब्युमिन नावाचे प्रथिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवते. यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांत ते कमी झाले की पायांवर सूज येते.

येथेच सलाईनचा हिशेब मांडून टाकू. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी सारे पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, रक्तस्राव झाला असेल, डेंग्यूचा रुग्ण गंभीर असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण तिच्यात तांबडी पेशी एकही नसते. जी बाई हिमोग्लोबिन कमी असल्याने थकली आहे, तिच्या रक्तात सलाईनने फक्त पाणी वाढते. तास-दोन तास पडून राहिल्यामुळे बरे वाटते आणि पैसे मात्र जातात.

तांबडी पेशी : १२० दिवसांची हमाल

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेत, साधारण ४० ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात. स्त्रियांत थोड्या कमी, पुरुषांत थोड्या जास्त. पेशीचा आकार मधोमध दोन्ही बाजूंनी दाबलेल्या पेढ्यासारखा असतो. तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. काही केशवाहिन्या याहूनही अरुंद असतात. तेथून ही पेशी अंग चोरून, वाकून पलीकडे जाते.

तिचे काम एकच. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवायचा. परत येताना कार्बन डायऑक्साइड आणण्यातही ती हातभार लावते. त्यासाठी तिच्या पोटात हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू धरतो. रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिनमधल्या याच लोहयुक्त भागाचा. बीटाचा लाल रंग बीटाचा स्वतःचा आहे. हिमोग्लोबिनशी त्याचे काही नाते नाही. बीट जरूर खावे, पण रस प्याला की तेवढे रक्त वाढले असे समजू नये.

हिमोग्लोबिनसाठी जागा व्हावी म्हणून ही पेशी तयार होताना आपले केंद्रक टाकून देते. केंद्रक नाही म्हणजे दुरुस्तीची सोय नाही. त्यामुळे सुमारे १२० दिवस राबल्यावर ती जीर्ण होते आणि प्लीहेत किंवा यकृतात मोडीत निघते. तिच्यातले लोह शरीर जपून काढून घेते व नव्या पेशींना देते. उरलेल्या भागातून पित्तातले पिवळे द्रव्य तयार होते. मलमूत्राच्या रंगाचे मूळ तेथे आहे. पेशी फार वेगाने फुटू लागल्या तर डोळे पिवळे दिसतात, तेही याच कारणाने.

रोज इतक्या पेशी मोडीत निघतात, तर तितक्याच नव्या तयार व्हायला हव्यात. हा कारखाना हाडांच्या आतल्या मगजात चालतो. लहान मुलांत तो जवळजवळ सर्व हाडांत असतो. मोठ्या माणसांत मुख्यतः कंबरेची हाडे, मणके, छातीचे मधले हाड, बरगड्या आणि कवटी यांत असतो. तेथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. उत्पादन वाढवा असा निरोप मूत्रपिंडाकडून एका संप्रेरकाद्वारे येतो. म्हणूनच ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत त्यांचे हिमोग्लोबिन, खाणेपिणे चांगले असले तरी, घसरत जाते.

लोहाचा जमाखर्च

आपल्या संपूर्ण शरीरात मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढे. त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. नव्या पेशी करण्यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. ते जवळजवळ सगळे जुन्या पेशींच्या मोडीतून मिळते. अन्नातून रोज फक्त एक ते दोन मिलिग्रॅम आत येते आणि तेवढेच झिजेतून बाहेर जाते. संसार असा अगदी बेताचा असतो.

या बेताच्या संसारात गळती सुरू झाली की काय होते पाहा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. मासिक पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाऊ लागले तर साध्या जेवणातून ही तूट भरून निघणे कठीण. एका गरोदरपणात एकूण सुमारे एक ग्रॅम, म्हणजे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. दोन बाळंतपणांत अंतर नसेल तर तिजोरी भरायला वेळच मिळत नाही.

म्हणूनच हा आजार घराघरांतल्या बायकांत आणि मुलांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातील स्त्रियांत ते ५४ टक्के होते. म्हणजे पंगतीला बसलेल्या दर दोन बायकांमागे एक. 'बाईच्या जातीला थकवा असायचाच' असे म्हणून आपण हे अंगवळणी पाडून घेतले आहे. तो स्वभाव नव्हे, आजार आहे; आणि बहुतांशी बरा होणारा आजार आहे.

हिमोग्लोबिन कमी : चार प्रश्न

प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या खाली, स्त्रीचे १२ च्या खाली आणि गर्भवतीचे ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे असे मानतात. पण हा आकडा म्हणजे निदान नव्हे. आकडा दिसल्यावर चार प्रश्न विचारायचे असतात.

पहिला प्रश्न, कच्चा माल कमी पडतो आहे का? लोह कमी असेल तर पेशी लहान आणि फिकट निघतात. फॉलिक आम्ल किंवा 'ब-१२' जीवनसत्त्व कमी असेल तर पेशी नको तितक्या मोठ्या होतात आणि संख्येने कमी पडतात. रिपोर्टमध्ये 'एमसीव्ही' नावाची एक ओळ असते. ती पेशीचे सरासरी आकारमान सांगते. ८० ते १०० हे सर्वसाधारण. ८० च्या खाली असेल तर लोहाची शंका प्रथम येते, १०० च्या वर असेल तर 'ब-१२' किंवा फॉलिक आम्लाची. 'ब-१२' मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळते. त्यामुळे शुद्ध शाकाहारी आणि दूधदुभतेही फारसे नसलेल्या माणसाच्या हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याने हे जीवनसत्त्व तपासून घ्यावे. दोन्ही उणिवा एकत्र असतील तर मात्र सरासरी फसवी निघते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहणे आजही महत्त्वाचे आहे.

या मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा शोध मुंबईशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत एक तीव्र रक्तक्षय दिसत असे. त्यांनी त्यांचे राहणीमान आणि जेवण यांचा अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे नंतर उलगडले. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. आज प्रत्येक गर्भवतीला मिळणाऱ्या गोळीत ते असते. 'रक्त नाही' एवढ्यावर न थांबता 'काय नाही' असे विचारल्याने किती मोठे काम होते, त्याचे हे उदाहरण.

दुसरा प्रश्न, कोठे गळती आहे का? पाळीचा जादा रक्तस्राव, मूळव्याध, आतड्यातील हूक जंत, जठरातील व्रण ही नेहमीची कारणे. माझ्याकडे एक साठीचे शेतकरी आले होते. चार महिने रक्तवाढीचे टॉनिक चालू, तरी हिमोग्लोबिन सात. विचारता विचारता कळले, की गुडघे दुखतात म्हणून ते वर्षभर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खात होते आणि अधूनमधून डांबरासारखी काळी, चिकट शौचास होत होती. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण सापडला. गोळ्या बंद झाल्या, व्रणाचा उपचार झाला, त्यानंतर लोहाच्या त्याच साध्या गोळ्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या वर गेले. छिद्र बुजवल्याशिवाय माठ भरत नाही. पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत, लोह कमी आढळले तर पोटातून रक्त जात नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. आतड्याच्या कर्करोगाचे पहिले लक्षण कधी कधी एवढेच असते.

तिसरा प्रश्न, कारखाना नीट चालू आहे का? मूत्रपिंडाचे आजार, क्षयासारखे दीर्घकाळ चालणारे आजार, थायरॉइडचा बिघाड आणि हाडांच्या मगजाचे आजार यांत उत्पादनच मंदावते. येथे नुसते लोह देऊन उपयोग होत नाही.

चौथा प्रश्न, पेशी वेळेआधी फुटत आहेत का? हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीतच वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या घडणीत जन्मतः एक लहानसा फरक असतो. प्राणवायू कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते, केशवाहिनीत अडकते आणि असह्य वेदना होतात. अशी पेशी १२० दिवसांऐवजी अवघे १० ते २० दिवस जगते. आपल्याकडे विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या भागांत, तसेच नंदुरबार, धुळे व पालघरकडे हा आजार आढळतो. थॅलेसेमियाही असाच आनुवंशिक. त्याच्या वाहकांत पेशी लहान असतात, पण लोह कमी असेलच असे नाही. अशांना न तपासता वर्षानुवर्षे लोह देत राहणे योग्य नव्हे.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः ठणठणीत असतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. पत्रिका पाहणाऱ्या घरांनी लग्नाआधी ही एक रक्ततपासणीही करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तिच्या तपासणीला संकोच न करता पुढे यावे.

पांढऱ्या पेशी : पहारेकरी

पांढऱ्या पेशी संख्येने फार थोड्या. एका घन मिलिमीटरमध्ये ४ हजार ते ११ हजार. त्यांचे पाच प्रकार आहेत. न्यूट्रोफिल सर्वांत जास्त, ४० ते ७५ टक्के. जखमेत जंतू शिरले की या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून तेथे धावतात आणि जंतूंना गिळतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः या लढाईत मेलेल्या पेशी. लिम्फोसाइट २० ते ४० टक्के. त्यांच्यातल्या काही प्रतिपिंडे तयार करतात आणि काही पेशी जुन्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. लहानपणी टोचलेली लस मोठेपणी उपयोगी पडते ती या आठवणीच्या जोरावर. मोनोसाइट सफाईचे काम करतात. इओसिनोफिल जंत आणि ॲलर्जी यांत वाढतात. बेसोफिल एक टक्क्याहूनही कमी.

'पांढऱ्या पेशी वाढल्या' म्हणजे पहारेकरी जागे झाले आहेत, एवढाच अर्थ. चोर कोण हे त्यावरून ठरत नाही. ११ ऐवजी १३ हजार दिसल्या म्हणून स्वतःच प्रतिजैविके आणून खाऊ नयेत. डेंग्यूसारख्या विषाणूंच्या तापात तर त्या उलट कमी होतात. मात्र आकडा फारच वाढला असेल किंवा अपरिपक्व पेशी दिसत असतील आणि सोबत ताप, हाडदुखी, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग असतील, तर रक्ताच्या कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे. त्या आजारात पेशींची गर्दी असते, पण कामाची पेशी नसते.

रक्तबिंबिका आणि डेंग्यूची धास्ती

पावसाळ्यानंतर 'पेशी कमी झाल्या' असे जे ऐकू येते, त्यातल्या पेशी म्हणजे रक्तबिंबिका. मगजातल्या अवाढव्य पेशींचे तुकडे पडून त्या तयार होतात. आयुष्य सात ते दहा दिवस. सर्वसाधारण संख्या दीड ते साडेचार लाख. रक्तवाहिनीला चीर पडली की या बिंबिका तेथे चिकटून प्रथम बूच बसवतात. मग रक्तद्रवातील फायब्रिनोजेनचे धागे होऊन त्यावर जाळे विणले जाते. बोट कापल्यावर थोड्या वेळात रक्त थांबते ते यामुळे.

डेंग्यूत त्या कमी होतात, हे खरे. पण डेंग्यूचे मरण बहुतेक वेळा बिंबिका कमी झाल्याने येत नाही. केशवाहिन्या झिरपू लागतात, रक्तद्रव बाहेर जातो, रक्तदाब कोसळतो, हा मुख्य धोका. तो ताप उतरू लागल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत जास्त असतो. नेमके तेव्हाच घरचे लोक 'ताप गेला' म्हणून निर्धास्त होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, अंग थंड पडणे, लघवी कमी होणे, सुस्ती किंवा बेचैनी, हिरड्या-नाकातून रक्त ही लक्षणे दिसताच बिंबिका कितीही असोत, रुग्णालयात न्यावे. रिपोर्टमध्ये बिंबिकांच्या सोबत 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' हा आकडाही पाहायचा असतो. रक्तद्रव झिरपून रक्त घट्ट झाले की तो वाढतो.

उलट, रुग्ण हिंडतो-फिरतो आहे, रक्तस्राव कोठेही नाही, आणि बिंबिका ४० हजार आहेत, एवढ्यावरून प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी नातेवाइकांनी धावाधाव करण्याचे कारण नाही. रक्तस्राव नसताना साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावरच त्या देण्याचा विचार करतात. दिलेल्या बिंबिका फार टिकतही नाहीत. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या टाळाव्यात. आणखी एक गोष्ट : घेतलेल्या नमुन्यात बिंबिकांचे पुंजके झाले तर यंत्र त्या कमी मोजते. तब्येत उत्तम आणि आकडा भयंकर, असे दिसले तर काच तपासून खात्री करून घ्यावी.

मग करायचे काय?

१) थकवा, धाप, फिकेपणा, माती-खडू-कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा, यांपैकी काही असेल तर प्रथम सीबीसी करावी, मग औषध. शासकीय रुग्णालयात ही तपासणी होते.

२) लोहाची साधी गोळी हेच बहुतेकांचे खरे औषध आहे. गर्भवतीला शासकीय आरोग्य केंद्रातून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस मोफत मिळते आणि बाळंतपणानंतरही पुढे १८० दिवस घ्यायची असते. गोळीने शौचास काळपट होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ झाल्यास जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये.

३) हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावर गोळी लगेच सोडू नये. आकडा भरला तरी साठा रिकामाच असतो. तो भरण्यासाठी पुढे सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. महिनाभरात गोळ्या सोडणारी बाई सहा महिन्यांनी पुन्हा तेथेच येते.

४) जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नये. चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. तासाभराचे अंतर ठेवावे. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. डाळी, बरबटी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, तीळ यांवर लिंबू पिळावे. खाणाऱ्यांनी मांस, मासे, कलेजी खावी. त्यातले लोह अधिक सहज शोषले जाते. कलेजी मात्र गर्भवतींनी टाळावी. तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार असते.

५) घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले कोण जेवते, याकडे घरातल्या पुरुषांनी लक्ष द्यावे. त्या ताटात भाजी आणि डाळ पुरेशी पडली, तर निम्मा उपचार झाला.

६) उघड्यावर शौच टाळावी, पायात चप्पल असावी. हूक जंत मातीतून पायांच्या कातडीतूनच आत शिरतो. मुलांना शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये.

७) निरोगी व्यक्तीने रक्तदानाला भिऊ नये. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असल्यास दाता चालतो. रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. पुरुषांना तीन व स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, बिंबिका आणि रक्तद्रव वेगळे करून तीन रुग्णांना देता येतात, कारण कुणाला काय कमी आहे ते निरनिराळे असते.

जुने रिपोर्ट फेकू नका. तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. हिमोग्लोबिन आज नऊ आहे, यापेक्षा ते सहा महिन्यांपूर्वी अकरा होते, ही माहिती डॉक्टरला अधिक उपयोगी पडते. आणि पुढच्या खेपेस कुणी सांगितले की 'अंगात रक्त नाही', तर घाबरून सलाईन मागू नका. शांतपणे विचारा : नेमके काय कमी आहे, आणि ते कशामुळे?

(पुढील आठवड्यात : रक्तगट कसे ठरतात, आणि १९५२ मध्ये सापडलेला 'बॉम्बे' रक्तगट काय आहे?)